दुसरी बाटली

आमचं कोर्ट बंद होणार आहे ही बातमी मला पंखेवाल्याने दिली. डायसवरचा पंखा कधीचा बंद पडला होता आणि मी त्याला फोन करून करून थकले होते. शेवटी तो आला, शिडीवर चढला आणि वरूनच म्हणाला, "बाई, दुरुस्त कशाला करायचा आता? तुमचं कोर्ट मोठ्या कोर्टात जातंय म्हणे. मला सगळे पंखे उतरवायला सांगितलंय." मी म्हटलं, आधी खाली उतर आणि मग बोल. तो उतरला, पण बातमी तीच राहिली. सरकारी कागद मागाहून आला. त्यात 'कामकाजाच्या सोयीसाठी' असं लिहिलं होतं. कुणाच्या सोयीसाठी, ते लिहिलं नव्हतं.

मी या कोर्टात बेंच क्लार्क. म्हणजे पुकारा करायचा, फायली पुढे सरकवायच्या, वकिलांना गप्प करायचं आणि चहा गार होतोय याची जजना आठवण करून द्यायची. कोर्ट पर्यावरणाचं. इथे खून नाही, दरोडा नाही, भावाभावांच्या वाटण्या नाहीत. इथे धूर, सांडपाणी, गुपचूप कापलेली झाडं आणि शेजाऱ्यांची झोप उडवणारी यंत्रं. मोठ्या कोर्टातले वकील आम्हाला 'कचरा कोर्ट' म्हणायचे आणि स्वतःच्याच विनोदावर स्वतःच हसायचे. खाली टपाल कार्यालय, वर आम्ही. निम्मे लोक तिकिटं मागायला वर यायचे आणि मी काही न बोलता जिन्याकडे बोट दाखवायची. त्या जिन्याची वरची पायरी हलायची. नव्या माणसाचा पाय हमखास तिथे अडखळायचा, त्यामुळे कोण नवीन आणि कोण मुरलेलं हे मला मान वर न करता कळायचं. तेव्हा त्या पायरीला मी रोज शिव्या घातल्या. आता दुसरा कुठलाही जिना चढताना पाय तीच पायरी शोधतो.

मोठ्या कोर्टात आणि आमच्यात फरक होता तो खुर्चीचा. तिथे डायसवर फक्त कायदा बसतो. आमच्याकडे खुर्च्या दोन. एक कायद्याची, एक शास्त्राची, आणि दोन्ही सह्या झाल्याशिवाय निकाल नाही. कायद्याच्या खुर्चीत जजबाई होत्या. त्यांचा आवाज चढला की खालच्या टपाल कार्यालयातली रांगही सरळ व्हायची. शास्त्राच्या खुर्चीत बाटलीसाहेब.

नावावरून गैरसमज नको. साहेबांनी जन्मात कडक चहापलीकडे काही घेतलं नाही. सगळं आयुष्य कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून ते आमच्याकडे आले होते, आणि त्यांच्या कोटाच्या खिशात कायम एक रिकामी काचेची बाटली असायची. जातील तिथलं पाणी भरून आणायचे. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या की लग्नानंतर फिरायला गेलो तर हे धबधब्याकडे पाठ करून डबक्यापाशी उकिडवे बसलेले. तो कोट कितीही उकडत असलं तरी अंगावरून उतरायचा नाही. दिवसाचं शेवटचं प्रकरण संपलं की साहेब उभे राहायचे, कोट काढून हातावर घ्यायचे, आणि तेव्हा आम्हाला कळायचं की कोर्ट उठलं.

आमच्या कोर्टात ती पद्धत पाडली ती त्यांनीच. पाण्याचं प्रकरण आलं की त्या पाण्याची बाटली भरायची, तिला सील लावायचं आणि डायसमागच्या फळीवर ठेवायची. सुनावणीच्या आधी साहेब ती उचलायचे, खिडकीच्या उजेडात धरायचे आणि विचारायचे, "हलतंय का काही?" प्रश्न कुणाला असायचा कोण जाणे. वकील बुटांकडे बघायचे. जजबाई म्हणायच्या, "साहेब, सुरू करू या का आपण?" पण खरी गंमत निकालानंतर होती. निकाल लागला तरी आमच्याकडे प्रकरण संपायचं नाही. काही काळ जाऊ द्यायचा आणि मग बेंचने स्वतः त्या जागी परत जायचं, दुसरी बाटली भरून आणायची आणि पहिलीच्या शेजारी उभी करायची. दोन बाटल्या शेजारी लागल्या की फाइल बंद. मोठ्या कोर्टाला हा निव्वळ चक्रमपणा वाटायचा. जजबाई म्हणायच्या, "हुकूम कागदावर असतो आणि सांडपाणी नाल्यात असतं. मधलं अंतर कुणीतरी चालत जायला नको का?"

त्या फेऱ्या मला फार आवडायच्या. खडखडणारी सरकारी जीप, पुढे जजबाई, मागे साहेब आणि मी, माझ्या मांडीवर टाइपरायटर. जजबाईंना गाडी लागायची, म्हणून त्या लिंबाच्या गोळ्या चघळत असायच्या आणि आम्हाला एकही द्यायच्या नाहीत. वाटेत दोघांचं भांडण ठरलेलं. त्या म्हणायच्या, तुम्हाला कायदा कळत नाही. ते म्हणायचे, तुम्हाला पाणी कळत नाही. आणि दोघांचं खरं असायचं. इतकं शिकलेली दोन माणसं एखाद्या घाणेरड्या नाल्याच्या काठी पँट आणि साडी वर धरून उभी असायची, आणि मला उगाचच वाटायचं की जगाचं काही वाईट होणार नाही.

तर फळीवर सगळ्या बाटल्यांच्या जोड्या होत्या, एक सोडून. ती एकटी बाटली तळ्याची.

ते तळं मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अवाक झाले होते. पाणी निळं आणि इतकं नितळ की तळाचा खडा न् खडा दिसावा. लोक ठेवणीतले कपडे घालून तिथे फोटो काढायला यायचे. झाडीआड एक कारखाना होता, तिथे लोखंडी पत्रे आम्लात धुतले जायचे. आणि काठावर एक बाई बदकं पाळायची आणि अंडी विकायची. तिची तक्रार एवढीच होती की बदकं पाण्यात जात नाहीत. काठापर्यंत जातात, बघतात आणि परत येतात. ती आधी मोठ्या कोर्टात गेली. तिथे कारखान्याच्या वकिलाने तळ्याचा दाराएवढा फोटो उभा केला. जजनी फोटोकडे बघितलं, बदकवालीकडे बघितलं आणि अर्ज फेटाळला. 'बदकांची नावड म्हणजे प्रदूषण नव्हे' असं वाक्य त्या निकालात आहे. मी स्वतः वाचलंय.

मग ती आमचा जिना चढली. वरच्या पायरीला अडखळली, तेव्हाच मी मान वर केली.

आमच्याकडेही तोच वकील आला आणि तोच फोटो आला. त्याचा आवाज असा मऊ की आम्ही त्याला मखमल म्हणायचो. साहेबांनी बाटली उजेडात धरली. "हलतंय का काही?"

मखमल म्हणाला, "साहेब, इतकं स्वच्छ पाणी आहे. हलायला आत काही हवं ना."

"तेच म्हणतोय मी," साहेब म्हणाले.

मग त्यांनी शाळेतल्या मुलांना सांगावं तसं सांगितलं. जिवंत तळं थोडं गढूळच असतं. त्यात शेवाळ असतं, किडे असतात, किड्यांची पिल्लं असतात. आम्ल पडत राहिलं की हे सगळं मरतं, गढूळपणा खाली बसतो आणि पाणी काचेसारखं होतं. "हे तळं स्वच्छ नाहीये, हे रिकामं आहे. बदकं तिथे काय खायला जातील?" बदकवाली रडायला लागली. तोवर सगळी वस्ती तिला वेडी म्हणत होती.

निकालावरून मात्र आमच्या दोन खुर्च्यांची जुंपली. चेंबरचं दार बंद होतं, पण मला शब्द न् शब्द ऐकू आला, कारण मी दाराला टेकूनच बसले होते. जजबाईंना कारखान्याला टाळं ठोकायचं होतं आणि बदकवालीला भरपाई देऊन तिची दुसरीकडे सोय लावायची होती. साहेब म्हणाले, अर्धी वस्ती त्या कारखान्यावर जगते, बदकवालीचा सख्खा भाऊ तिथे कामाला आहे. कारखान्याने आपलं आम्ल आतच चुन्याने मारावं, तळ्यातही दरवर्षी चुना टाकावा. "तळं परत येईल. वेळ लागेल, पण येईल."

"आणि नाही आलं तर?"

"तर चूक माझी. तसं लिहून घ्या."

जजबाईंनी सही केली, पण पेन असं आपटलं की निब वाकली.

बदकवालीने साहेबांना जिन्यापाशी गाठलं. "किती थांबायचं, साहेब?"

साहेबांना खोटं बोलता यायचं नाही. ही त्यांची एक अडचणच होती. "ते मला सांगता येणार नाही, बाई. पण तळं येईल."

"तुम्ही म्हणताय म्हणून थांबते," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

ती थांबली. आम्ही मधे फेरी केली तेव्हा तळं निळंच होतं. पुन्हा गेलो, तेव्हाही निळंच. साहेबांनी बाटली भरली, उजेडात धरली आणि तिथेच ओतून दिली, कारण ती दुसरी बाटली म्हणून ठेवण्याच्या लायकीची नव्हती. त्यानंतर जजबाई निवृत्त झाल्या आणि काही काळाने वारल्याही. मग साहेबही निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीसाठी जाहिरात निघाली, मुलाखती झाल्या, काहीतरी घोडं अडलं, एकाच सहीवर काम चालवायचा कागद आला आणि खुर्ची रिकामी राहिली. हळूहळू तिच्यावर फायली साठल्या. एका खुर्चीने फेरी होत नाही, म्हणून फेऱ्या थांबल्या. तळ्याबद्दल सरकारी खात्याचे अहवाल यायचे, त्यात 'मर्यादेत' असं लिहिलेलं असायचं. पण ते सगळ्याच अहवालांत असायचं. आमच्या कोर्टात 'मर्यादेत' हा शब्द जवळजवळ शिवी होता. बदकवालीने शेवटी बदकं विकली आणि ती दुसऱ्या गावी लेकीकडे राहायला गेली. हे मी साहेबांना सांगायला नको होतं, पण सांगितलं. त्यानंतर मी कधीही भेटायला गेले की चहाच्या आधी एकच प्रश्न असायचा. "तळ्यावर गेलं का हो कुणी?"

आणि आता कोर्टच बंद होणार होतं. मोठ्या कोर्टाच्या दृष्टीने तळ्याचं प्रकरण कधीच निकाली निघालेलं होतं. तिथे फळी नव्हती. बाटल्या कचऱ्यात जाणार होत्या. साहेब तर अंथरुणाला खिळले होते, एक बाजू लुळी पडली होती. आता कुणी गेलं नसतं, तर आपला शब्द खरा ठरला की खोटा हे त्यांना कधीच कळलं नसतं.

आमचे शेवटचे जज मोठ्या कोर्टातून आलेले. तरुण, सभ्य, मान खाली घालून काम करणारे. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, एक फेरी राहिली आहे.

"नियमात कुठे आहे हे, बाई?"

"नियमात नाही. फळीवर आहे."

त्यांनी वळून त्या एकट्या बाटलीकडे बघितलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी वाकलेल्या निबेपर्यंत. ते हसले नाहीत. त्या रात्री मी वहिनींना फोन करून फेरीचं कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी जजनी स्वतःची गाडी काढली. टाइपरायटर नव्हता, लिंबाच्या गोळ्या नव्हत्या, भांडायला कुणी नव्हतं.

तळ्यापाशी उतरलो आणि मी गाडीचं दार लावायचंच विसरले.

ते निळं पाणी गेलं होतं. समोर हिरवट तपकिरी, मळकट पाणी पसरलं होतं. काठाने उंच गवत माजलं होतं. कुजट वास येत होता. डास तर असे की तोंड उघडायची सोय नाही. शेजारी चहाची टपरी होती, तिचा मालक आपणहून सांगायला आला. "पूर्वी बघायला हवं होतं तुम्ही. चित्रातल्यासारखं पाणी होतं. लांबून लांबून लोक यायचे. वाटोळं झालं सगळं."

मी काठाशी वाकून बाटली भरली. चप्पल चिखलात रुतली, ती ओढताना तिचा पट्टा तुटला, आणि मी चिखलाला, कारखान्याला आणि अंथरुणातल्या साहेबांनासुद्धा मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. तुम्ही म्हणाला होतात येईल. हे आलं? साहेबांचं ते जिवंत तळ्याचं बोलणं मी कोर्टात याच कानांनी ऐकलं होतं, टाइप केलं होतं. पण खरं सांगू का? इतकी वर्षं माझ्या मनात तळं निळंच राहिलं होतं. मी फक्त त्यात बदकं सोडली होती.

गाडीत जज हळूच म्हणाले, "मला वाईट वाटतंय, बाई. पण हुकूम फसला असंच लिहावं लागेल." मी मान हलवली. मांडीवर ओली बाटली होती आणि ती साहेबांना दाखवणं माझ्या जिवावर आलं होतं.

दार वहिनींनी उघडलं. माझ्या मागे जजना बघून त्यांनी पदर सारखा केला आणि कुजबुजल्या, "सकाळपासून कोट मागत होते. शेवटी घातला बाई कसाबसा." आत साहेब खिडकीपाशी उशांना टेकून बसलेले. पायजम्यावर तो कोट. लुळा हात बाहीत नीट गेलेलाच नव्हता.

"आणली?"

"आणली साहेब, पण..."

"दाखवा."

मी बाटली पुढे धरली. त्यांनी चांगल्या हाताने ती धरून बघितली, पण बोटांत जोर नव्हता. मग मीच ती खिडकीच्या उजेडात धरली. ते डोळे बारीक करून बघत राहिले आणि मग त्यांनी मान मागे टेकली. "मला बारीक दिसत नाही आता. तुम्ही बघा, बाई. हलतंय का काही?"

एवढ्या वर्षांत तो प्रश्न कुणाला असतो हे कळलं नव्हतं. आज तो मला होता.

मी बघितलं. आधी नुसता गाळ दिसला. तो हळूहळू खाली बसला. मग एक ठिपका दिसला, डाळीच्या कणाएवढासुद्धा नाही. मला वाटलं काचेवरचा डाग असेल. तो उडाला. थोडा खाली आला आणि पुन्हा उडाला. त्याच्या बाजूला आणखी एक. मग मला ते सगळीकडेच दिसायला लागले.

"हलतंय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "साहेब, हलतंय."

"कसं?"

"उचकी लागल्यासारखं. खालीवर, खालीवर."

साहेबांनी डोळे मिटले. "पाणपिसू," ते म्हणाले. "आम्लाच्या पाण्यात ती जगतच नाही. आणि काठाला गवत होतं का? वास? बेडूक?"

"वास विचारू नका," मी म्हटलं. "डासांनी फोडून काढलं."

ते हसायला लागले. लुळ्या बाजूने नीट हसता येत नव्हतं, तरी हसत राहिले, आणि डोळ्यांतलं पाणी गालावर आलं ते त्यांनी पुसलं नाही. वहिनींनी पुसलं. जज दारातच उभे होते. ते पुढे आले. "साहेब, मी 'हुकूम फसला' असं लिहिणार होतो."

"साहजिक आहे," साहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "तुमच्याकडे खुर्ची एकच आहे."

जजनी पलंगाशेजारचं स्टूल ओढलं, खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "तुम्ही सांगा. मी लिहितो." साहेबांनी सांगितलं. शब्द अडखळत होते, पण वाक्यं तीच जुनी, कोर्टातली. तळे जिवंत आहे. चुना आता पुरे. कारखान्याने आम्ल आत मारणे चालू ठेवावे. फाइल बंद. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ही बाटली ठेवू नका, बाई. कोर्टच नाही तर पुरावा कुणाला दाखवायचा? उगाच आत कोंडून मरतील. सोडून या त्यांना."

"तुटक्या चपलेने परत त्या चिखलात?"

"हो," साहेब म्हणाले. "आणि आधी तिला फोन लावा."

कुणाला, ते विचारावं लागलं नाही. तिच्या लेकीचा नंबर माझ्याकडे होता. फोन मोठ्या आवाजावर ठेवून मी साहेबांच्या तोंडापाशी धरला.

"बाई, मी तळ्याच्या खटल्यातला. बाटलीवाला." ते नाव त्यांना माहीत होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पलीकडून म्हाताऱ्या झालेल्या आवाजात ती म्हणाली, "बोला, साहेब."

"तळं आलं."

"खरं?"

"बाटली समोर आहे माझ्या."

"पाणी कसं दिसतंय?"

"घाण," साहेब म्हणाले. "अगदी घाण, बाई."

"मी लहान होते तेव्हा तस्संच होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "बदकं विकली हो मी."

"ठाऊक आहे मला. फार उशीर झाला."

"झाला खरा. पण मी थांबले होते, साहेब. जमेल तितकं थांबले."

"ठाऊक आहे," साहेब म्हणाले.

मग तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. साहेबांनी चांगला हात वहिनींपुढे केला. मला वाटलं त्यांना पाणी हवंय. वहिनींना बरोबर कळलं. त्यांनी वाकून आधी लुळ्या हाताची बाही सोडवली, मग दुसरी, आणि कोट काढून घेतला.